डबलरोटीच्या मशीनची चौकशी

आमच्या मोठ्या बाबांइतकी चौकशी करून अहेरीत आजवर कुणी काही विकत घेतलेलं नाही, आणि इतकी चौकशी करून रिकाम्या हाताने परतही कुणी आलेलं नाही. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांची सगळी नोकरी लाकडाच्या डेपोत गेली, त्यामुळे कुठलीही वस्तू समोर आली की ते आधी तिला बोटाच्या पेराने ठोकतात आणि कान देतात. सागाचा ओंडका आतून पोकळ आहे का, हे असं कळायचं म्हणे. पण ते दुकानातल्या फ्रिजला ठोकतात, टरबुजाला ठोकतात, विहारातल्या नव्या लाउडस्पीकरलाही ठोकतात, आणि दुकानदाराला जयभीम करून सांगतात की वस्तू बरी आहे, पण जरा वापरणाऱ्याला विचारून येतो. मग ते खरोखरच वापरणाऱ्याच्या घरी जातात. कुकर घ्यायचा होता तेव्हा ओळखीच्या एका मास्तरांच्या स्वयंपाकघराबाहेर खुर्ची टाकून शिट्टी ऐकायला बसले. वरण शिजलं, पानं वाढली, मोठे बाबा जेवून उठले, तरी निकाल लागला नाही. मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, हे सांगताना आवाजही चढवत नाही. "मले पाहाले आले तवा अर्ध्या चहात होकार देल्ला. कुकरले दोन पावसाळे लागले."

असा हा माणूस डबलरोटी भाजतो. आमचा मुलूख भाताचा. डबलरोटी इथे चंद्रपूरहून बसमधून येते आणि उतरेपर्यंत तिची पोळी झालेली असते. पूर्वी कधी तरी मोठी आई फार आजारी पडली, तिला भात नकोसा झाला आणि दुधात बुडवून टोस्ट खावासा वाटला. बसमधून आलेल्या पुड्याला बुरशी लागलेली होती. मोठ्या बाबांनी तो पुडा गाईलाही घातला नाही, परसात मातीची भट्टी घातली. यीस्ट मिळत नव्हतं, म्हणून वाळलेली मोहफुलं पाण्यात भिजत टाकायची, पाण्याला फेस आला की गाळून त्यात पीठ मळायचं आणि रात्रभर फुगू द्यायचं, ही रीत त्यांनी स्वतःच बसवली. ती रोटी काळपट, जाड सालीची आणि किंचित गोड होते. मोहाचं नाव ऐकून शेजारच्या भाऊंनी पहिल्यांदा अर्धी रोटी एका बैठकीत संपवली आणि काही तरी होईल म्हणून दुपारभर ओसरीवर वाट पाहत बसले. काही झालं नाही. आमचा जिल्हा दारूबंदीचा; भाऊंची निराशा सगळ्या गल्लीला समजली. पुढे मात्र बुद्धपौर्णिमेला विहारात खिरीबरोबर मोठ्या बाबांच्या रोटीचा तुकडा देण्याचा प्रघातच पडून गेला. मळताना ते कुणाशी बोलत नसत. परातीपुढे मांडी घालून, मनगटाजवळच्या तळहाताने पीठ पुढे लोटायचं, दुमडायचं, उचलून आपटायचं, आणि पुन्हा लोटायचं. एरवी जगभर प्रश्न विचारणारा हा माणूस तेवढा वेळ कुणाला काही विचारत नसे.

त्यांचा मुलगा, माझा दादा, हैदराबादला असतो. त्याने सांगितलं की आता घरात ठेवायची डबलरोटीची मशीन मिळते. पीठ-पाणी आत टाकून झाकण लावलं की मळणं, फुगवणं, भाजणं सगळं तीच करते, पाठवतो. मोठे बाबा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, चौकशी करतो म्हणाले. पण अहेरीत कुणाकडेच ती मशीन नव्हती, त्यामुळे कुणाच्या घरी जाऊन खुर्ची टाकणार? तेव्हा त्यांना माझी आठवण झाली. माझं इंग्रजी शाळेत शिकणं आमच्या घरात जादा सिलिंडरसारखं आहे, एरवी कोपऱ्यात असतं आणि अडलं की उचलून आणतात. मोबाइलवर ज्यांनी मशीन घेतली त्यांची मतं वाचून मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. मला चार माणसांत बोलणं जमत नाही, पण दुसऱ्याचं बोलणं वाचून दाखवायला काही लागत नाही. मोठे बाबा डोळे मिटून ऐकत आणि मधेच थांबवत.

"हा कुठचा?"

"कॅनडाचा."

"त्याच्या घरी लाइट जाते का?"

"नसेल जात, मोठे बाबा."

"मंग त्याचं सोड."

एका बाईने लिहिलं होतं की मशीन इतका आवाज करते की तिची मांजर घर सोडून गेली. मोठ्या बाबांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "मांजर परत आली का नाई, ते काऊन नाई लिवलं तिनं?" मशीनचं पातं रोटीच्या पोटात अडकून बसतं आणि काढल्यावर खालून भोक पडतं, असं कुणी लिहिलेलं सापडलं की त्यांचा तो दिवस चांगला जाई.

मला बोलता येत नसलं तरी दिसतं. मोठ्या बाबांचा उजवा हात घरातही सदऱ्याच्या खिशात असायचा. चहा डाव्या हाताने प्यायचे. एकदा बाजारात टरबूज ठोकायला त्यांनी बोट उचललं, तर ते एकदा ठोकून थांबलं नाही, आपलं आपणच ठोकत राहिलं. टरबूजवाली हसली. मोठे बाबाही हसले आणि टरबूज चौकशी न करता घेतलं. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला होता, हे मोठ्या आईने माझ्या आईला सांगितलं. त्यांच्यासमोर तो शब्द कुणी काढत नसे. यंदा बुद्धपौर्णिमेला खिरीबरोबर रोटी नव्हती. यंदाचा मोह बरोबर नाही, असं त्यांनी विहारात सांगितलं. मोह आमच्याच अंगणात वाळला होता आणि तो चांगला होता. मशीन घेतली की हात गेला हे ठरणार होतं, म्हणून ती चौकशी संपत नव्हती. मला हे कळलं तेव्हापासून मीही वाचायचा वेग कमी केला.

एके दिवशी मी एका म्हाताऱ्याचं मत वाचत होते. त्याने लिहिलं होतं की माझे हात थरथरतात, मळता येत नाही, म्हणून मशीन घेतली, रोटी चांगली होते. इथपर्यंत वाचल्यावर मला वाटलं, आधीच थांबायला हवं होतं. मोठ्या बाबांनी तो कुठचा ते विचारलं नाही. लाइटचंही विचारलं नाही. पुन्हा वाच म्हणाले. मी वाचलं.

"त्याले विचार," ते म्हणाले, "मळाचं मन होते तवा काय करते तो."

असं विचारता येतं का मला माहीत नव्हतं. तरी मी त्या मताखाली इंग्रजीत तो प्रश्न लिहिला. उत्तर आलं नाही. आठवडाभराने मोठे बाबाच म्हणाले, "दादाले सांग, पाठव म्हना."

मशीन आली. तिच्यात घालायचं यीस्ट दादाने बरोबर पाठवलं होतं, पण मोठ्या बाबांनी ते बाजूला ठेवून मोहाचंच पाणी ओतलं. मोहाला फुगायला रात्र लागते आणि मशीनला तेवढा धीर नाही. शिवाय मधे लाइट गेली. जे बाहेर आलं त्याला त्यांनी डाव्या हाताने ठोकून पाहिलं. "सागवान हाय," म्हणाले. मोठी आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. पुढच्या वेळी यीस्ट घातलं आणि रोटी झाली, पांढरी, मऊ, चौकोनी, खाली भोक असलेली. मोठ्या आईने दुधात बुडवून खाल्ली आणि बरी आहे म्हणाली. बरी होतीच. मशीन घ्यावी का असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, हात चालतात तोवर घेऊ नका, आणि त्यानंतर चौकशी करत बसू नका.

परवा मी गेले तेव्हा मशीन मळत होती. ओट्यावर ठेवलेली, झाकण लावलेली, सगळी हादरत होती. मोठे बाबा तिच्यासमोर उभे होते आणि उजवा हात खिशाबाहेर होता. तो त्यांनी झाकणावर पालथा ठेवला होता. मला पाहून त्यांनी काढला नाही.

"पाह्य बाई," ते म्हणाले. "यात कोन हालून राह्यला, सांग."

मी जवळ जाऊन पाहिलं. हात हलत होता, झाकण हलत होतं, कुणाचं कुठलं ते खरंच वेगळं दिसत नव्हतं.

"मशीन," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो, आत पीठ लोटलं जात होतं, दुमडलं जात होतं, आपटलं जात होतं, आणि मोठे बाबा मळताना गप्प असत तसे गप्प होते. मग मशीनचा आवाज जरा खाली आला. ती थांबायच्या आधीच त्यांनी हात उचलला आणि खिशात घातला.