लंगडणारं चाक

चाक सावकाश फिरत होतं आणि गेजची सुई पुढंमागं नाचत होती. डायल गेज घड्याळासारखं दिसतं. फिरणाऱ्या वस्तूला टेकवलं की ती किती वाकडी फिरते ते सुई दाखवते. मला एक मिलिमीटरच्या आत हवं होतं. सुई सहापर्यंत जाऊन आली.

समोर स्टुलावर अण्णा बसले होते. त्यांनी गेजकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांना नुसत्या डोळ्यांनीच कळलं होतं.

"लंगडतंय," ते म्हणाले.

मी लेथ, म्हणजे काम फिरवून कातायचं यंत्र, बंद केला. मी केलेलं हे दुसरं चाक, आणि दुसरंही बाद झालं होतं.

हे नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडचं आहे. उद्यमनगरात माझं वर्कशॉप होतं. तीन लेथ, एक ड्रिल मशीन. ऑइल इंजिनांचे आणि पंपांचे पार्ट करायचो. बाळगोंडा अण्णा मूळचे शिरोळकडचे. साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये आयुष्य काढून रिटायर झाले आणि राजारामपुरीत तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. तिथल्या गॅरेजमध्ये स्कूटर बाहेर आणि आत त्यांचं इंजिन, अशी व्यवस्था होती.

हे इंजिन म्हणजे स्टीम ट्रॅक्शन इंजिनाचं मॉडेल. ट्रॅक्टर यायच्या आधी परदेशात नांगरायला, मळणी करायला, ओझी ओढायला वाफेची इंजिनं होती. रेल्वेइंजिनासारखा आडवा बॉयलर, वर एक सिलिंडर, बाजूला फ्लायव्हील, म्हणजे गती राखणारं जड चाक. फक्त रुळांवर न चालता ती लोखंडी चाकांवर रस्त्याने चालायची. अण्णांना कारखान्याच्या स्टोअरमध्ये एका जुन्या पुस्तकात त्याची ड्रॉइंग सापडली होती. फुटाला तीन इंच, म्हणजे मूळच्या चौथ्या हिश्श्याएवढं इंजिन त्यांनी नऊ वर्षं खपून स्वतःच्या हातांनी केलं होतं. बॉयलर, सिलिंडर, गिअर सगळं तयार होतं. चाकं तेवढी राहिली आणि त्यांचे हात कापायला लागले. भोकाची जागा ठोकायचा पंच खुणेवर धरता येईना. इंजिन दोन वर्षं विटांवर उभं होतं.

माझ्याकडे यायच्या आधी ते दोन ठिकाणी जाऊन आले होते. एकानं सांगितलं, चाक अख्खं ओतून घ्या. दुसरा म्हणाला, रबरी टायर बसवा. अण्णांना दोन्ही मान्य नव्हतं. मी ड्रॉइंग बघितलं आणि पंधरा दिवसांत देतो म्हणालो.

"पंधरा दिवसांत झालं असतं तर मीच केलं असतं की," अण्णा म्हणाले. पण ड्रॉइंग माझ्याकडे ठेवून गेले.

त्यांना घाई होती, हे मला नंतर कळलं. मुलगा पुण्यात नोकरीला होता आणि मे महिन्यात आई-वडील दोघांना कायमचं तिकडे नेणार होता. मुलगा वाईट नव्हता. त्यानं सरळ सांगितलं होतं की इंजिन चालत असेल तर टेम्पो करून नेऊ, सोसायटीत जागा मागू. विटांवर उभं राहणार असेल तर इथेच कुणाला तरी देऊन टाका. अण्णांच्या मंडळींना, म्हणजे अक्कांना, हे पटलेलं होतं. नऊ वर्षं त्या घरात कोळशाची काजळी धुवत होत्या.

आता चाकाचं सांगतो. मागचं चाक अठरा इंचाचं. बाहेर लोखंडी कडं, म्हणजे रिम. मध्ये हब, ज्याच्या भोकात आस बसतो. दोन्ही जोडणारे सोळा चपटे आरे. हे आरे एक डावीकडून, एक उजवीकडून असे तिरके येतात. प्रत्येक आरा रिमला आणि हबला रिव्हेटनं ठोकायचा. रिव्हेट म्हणजे डोकं असलेला लोखंडी खिळा. आरपार घालून दुसरी बाजू ठोकून पसरवायची, की तो परत निघत नाही.

रिमसाठी मला भंगारात जाड पाइपचा तुकडा मिळाला. तो लेथवर मस्त गोल करून घेतला. हबही केला, त्याला आसाच्या मापाचं भोक पाडलं. इथपर्यंत सगळं सोपं होतं. मग मी शहाणपणा केला. रिव्हेट ठोकत बसण्यापेक्षा आरे आतून वेल्डिंगनं पकडले, वरून रिव्हेटची नुसती डोकी चिकटवली आणि रेड ऑक्साईडचा रंग मारला.

अण्णा आले. खिशातली किल्ली काढून त्यांनी एका आऱ्याच्या मुळाशी रंग खरवडला. खाली वेल्डिंग दिसलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"सदाशिव, चाक वाकडं झालं तर सरळ करता येतं," एवढंच म्हणाले. "ह्याला काय करायचं?"

त्यात वेल्डिंगच्या आचेनं चाक ओढलंही गेलं होतं. ते मी स्वतः कापून टाकलं. दुसऱ्याला एकेक रिव्हेट खरा ठोकला. प्रत्येक आरा मोजून कापला, समोरासमोरची जोडी एका वेळी पक्की केली. आणि तरीही सुई सहावर गेली.

सहा मिलिमीटर काही फार नाही असं वाटेल. पण मागचं चाक आणि फायरबॉक्स, म्हणजे बॉयलरची जिथं जाळ असतो ती पेटी, यांत फक्त पाच मिलिमीटरची फट होती. दर फेऱ्याला चाक पेटीला घासलं असतं. शिवाय इंजिन दारू प्यायल्यासारखं चाललं असतं.

अण्णा स्टुलावरून उठले. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. "पुण्याला कशाला न्यायचं एवढं वज्झं." आणि रिक्षा करून निघून गेले.

त्यांनी रागवून सांगितलं असतं तर मीही सोडून दिलं असतं. पण ते समजूत घातल्यासारखं बोलले, ते मला लागलं. त्या दिवशी मी दुसरं काम हातात घेतलं नाही.

रिव्हेट काढून परत ठोकायचे असं ठरवलं. त्याआधी म्हटलं, ठोकाठोकीत रिम चेपलीय किती ते तरी बघू. आत्तापर्यंत मी चाक हबच्या भोकात आस घालून फिरवत होतो. आता लेथची मोठी फेसप्लेट लावली, म्हणजे काम आवळून धरायची गोल सपाट थाळी, आणि चाक रिमवर पकडून तिच्यावर आवळलं. गेज रिमला टेकवलं आणि हातानं फिरवलं.

सुई जवळजवळ जागची हलली नाही.

मला वाटलं गेज अडकलं. काढलं, परत लावलं. तेच. कडेनं मोजलं, बाजूनं मोजलं. रिम पहिल्या दिवशी होती तशीच गोल आणि सपाट होती. मग गेज हबच्या भोकात घातलं. तिथं सुई उड्या मारायला लागली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चाक वाकडं नव्हतंच. भोक वाकडं होतं. रिम जाड, ती हलत नाही. रिव्हेट आवळताना सोळा आरे मधल्या हबला आपापल्या बाजूला ओढतात आणि तो कलतो. मी हबला केंद्र मानून सगळं मोजत होतो आणि हबच जागेवर नव्हता. भोक आधी पाडायचंच नव्हतं. चाक पूर्ण ठोकून झाल्यावर, रिमवरून धरून, शेवटी पाडायचं होतं.

पडलेलं भोक परत बुजवता येत नाही. पण मोठं करता येतं. चाक तसंच फेसप्लेटवर ठेवून मी भोक वाढवलं. त्यात गनमेटलचा जाड बुश, म्हणजे पितळेसारख्या धातूची नळी, दाबून बसवला आणि त्या बुशला नव्यानं आसाच्या मापाचं भोक पाडलं. हबची तोंडंही त्याच पकडीत साफ केली. एकही रिव्हेट काढावा लागला नाही.

अण्णांना फोन केला. येतो म्हणाले, पण आवाजात उत्साह नव्हता. आल्यावर मी नव्या भोकात आस घालून चाक चढवलं आणि गेज लावणार तर त्यांनी अडवलं आणि खडू मागितला. लेथच्या टूलपोस्टवर, म्हणजे हत्यार धरायच्या ठोकळ्यावर, मनगट टेकवून त्यांनी खडू फिरत्या रिमजवळ नेला. वाकडं चाक असेल तर खडू एकाच बाजूला उमटतो, दुसरीकडे कोरं राहतं. चाक थांबवलं. रिमभर पांढरी अखंड रेघ होती.

अण्णांनी खडू माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "अजून तीन व्हतील न्हवं मे महिन्याच्या आत?"

झाली. आता क्रम कळला होता. हब भरीव ठेवायचा, आरे ठोकायचे, रिमवर पकडायचं, भोक शेवटी. एकेक चाक पहिल्यापेक्षा चांगलं झालं.

शेवटचं काम मागच्या चाकांवरच्या पट्ट्यांचं. जमिनीला पकड मिळावी म्हणून रिमवर तिरक्या पट्ट्या ठोकतात, ट्रॅक्टरच्या टायरवर नक्षी असते तशा. दोन्ही चाकांवर खडूनं खुणा करून मी ड्रिलला लागणार होतो. त्या दिवशी अक्का अण्णांना न्यायला पहिल्यांदाच वर्कशॉपमध्ये आल्या होत्या. चाकं शेजारी शेजारी उभी होती. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि अण्णांना म्हणाल्या, "दोन्ही पायांत डावीच चप्पल हाय की."

आम्ही बघितलं. दोन्ही चाकांवरचा तिरकेपणा एकाच बाजूचा होता. एक उजवं, एक डावं हवं होतं. एक भोक पाडलं असतं तर रिम गेली असती. मी खुणा पुसल्या. अण्णा दुसरीकडे बघून हसत होते.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी राजारामपुरीतल्या एका मोकळ्या प्लॉटवर इंजिन नेलं. मुलगा पुण्याहून आला होता. अण्णांनी लाकडं, मग कोळसा घातला. पाऊण तासानं प्रेशर चढलं. मागच्या छोट्या ट्रॉलीवर ते बसले आणि वाफ सोडायचा दांडा हातात धरला.

इंजिननं दोन सुस्कारे टाकले आणि चालायला लागलं. चाकं सरळ, फायरबॉक्सपासून सगळीकडून सारखी फट. प्लॉटभोवती लोक जमले, दुकानं सोडून आले. दुसऱ्या फेरीला अक्का ट्रॉलीवर मागं बसल्या. तिसऱ्या फेरीला मुलगा शेजारून चालत होता, चौथ्या फेरीला तोही बसला. तिघांना घेऊन इंजिननं प्लॉटच्या कोपऱ्यातला चढ चढला. दहाव्या-बाराव्या फेरीनंतर मी मोजणं सोडून दिलं.

उतरल्यावर मुलानं मला विचारलं, टेम्पोत चढवायला किती माणसं लागतील. सहा, म्हणालो. पुढच्या आठवड्यात इंजिन पुण्याला गेलं.

त्यानंतर वर्कशॉपमध्ये मोठ्या पुली आल्या, पंख्यांची चाकं आली. वाकडं फिरतंय म्हणून कुणी काही घेऊन आलं की मी आधी एकच विचारायचो, तुम्ही मोजलंत कुठून? निम्म्या वेळा वस्तू सरळ असायची.