शुक्रवारचं सोल्डरिंग

तीन बायका, एक टेबल आणि तापलेलं सोल्डरिंग आयर्न एकत्र आलं की किस्से व्हायला वेळ लागत नाही. आमचे तर इतके झालेत, की कुठल्या शुक्रवारी काय झालं यावरून वैशाली आणि मी अजून भांडतो!

नलिनीताई साताऱ्याच्या. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. वैशाली नाशिकची, विजेचे मीटर बनवणाऱ्या कारखान्यात टेस्टिंगला होती. मी पुण्यात टीव्हीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये. नवरे नोकरीसाठी दोह्याला आले, मागोमाग आम्ही आलो आणि तिघीही व्हिसावर 'हाउसवाइफ' झालो.

वैशालीच्या इराला वाढदिवसाला एक किट मिळालं होतं. सुटे भाग बोर्डावर आपणच सोल्डर करायचे, टीव्ही आणि कीबोर्ड जोडायचा, की झाला छोटा कॉम्प्युटर! इराने दोन दिवसांत नाद सोडला. "मम्मा, इट्स सो बोरिंग." वैशाली तो डबा घेऊन ताईंच्या बिन महमूद भागातल्या फ्लॅटवर आली. ताईंनी बोर्ड उचलला आणि चक्क नाकाशी नेला.

"नव्या बोर्डाचा वास गं," म्हणाल्या. अकरा वर्षांनी घेत होत्या.

*

दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ताईंकडे बसायचं ठरलं. पहिलाच घोळ रेझिस्टरचा. त्याच्यावरच्या रंगीत पट्ट्या वाचून कुठला कुठे लावायचा ते ठरतं. एके काळी आम्हाला हे झोपेतही यायचं.

"तपकिरी," मी म्हणाले.

"लाल आहे," वैशाली.

ताईंनी चष्मा बदलला, रेझिस्टर खिडकीपाशी नेला आणि निकाल दिला, "लालच!"

पाणी प्यायला आलेली इरा वाकून बघत म्हणाली, "गाइज, इट्स ऑरेंज."

मग ताई म्हणाल्या, "विद्या शाबूत आहे गं, डोळे तेवढे रिटायर झालेत!"

*

क्रिस्टल नावाचा एक चकचकीत तुकडा असतो. त्याच्या ठोक्यावर सगळा कॉम्प्युटर चालतो. माझ्या हातून त्याचा पायच मोडला! मग स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. मालक केरळचा.

"हजबंड का प्रोजेक्ट है, मॅडम?"

"मेरा है," ताई म्हणाल्या. "और ये सोलह मेगाहर्ट्झ का है. मैंने बीस बोला."

तो चपापला. आत जाऊन बरोबर क्रिस्टल घेऊन आला आणि अदबीने पुढे करत म्हणाला, "सॉरी, टीचर."

त्यांच्याकडे मोठ्या बाईंना आदराने असं म्हणतातही. ताई अरबीत 'शुक्रन' म्हणून आभार मानून वळल्या. बाहेर आल्या आल्या चष्मा पुसायला लागल्या. गाडी अल सद्दपर्यंत आली तरी पुसतच होत्या.

"दमट हवेने धुकं धरतं," म्हणाल्या. गाडीत एसी फुल होता.

*

सगळे भाग लावून झाले. बटण दाबलं. स्क्रीन काळा! वैशालीने मुख्य चिपवर बोट ठेवलं आणि "आई गं!" करून झटकन मागे घेतलं. चिप तव्यासारखी तापलेली. ती मी बसवली होती.

ताईंनी मला खरोखर उभं केलं. "मेधा, चिपची खाच कुठल्या बाजूला आहे?"

"टीव्हीकडे."

"आणि कुठं हवी?"

"...तुमच्याकडे."

"बसा खाली!"

नशिबाने चिप जळली नव्हती. पण ताई त्या दिवशी इतक्या खुशीत होत्या, की जेवायला थांबवून पुरणपोळ्या केल्या. नापास झाल्याबद्दल!

*

चिप सुलटी केली तर नवीनच नखरा. वैशालीने बोर्डाचा कोपरा अंगठ्याने दाबला की चित्र येई, सोडला की गायब. म्हणजे कुठेतरी ड्राय सोल्डर, टाका नीट धरलेला नाही. ती दाबून बसली, मी भिंगातून टाके बघत होते. एवढ्यात नाशिकहून तिच्या आईचा फोन. ताईंनी स्पीकरवर टाकला.

"वैशू, बरी आहेस ना गं?"

"हो आई. दाबून धरलंय."

पलीकडून आईचा आवाज एकदम मऊ झाला, "किती दिवस दाबून धरशील, बाळा? सोड आता. मोकळी हो."

"सोडलं तर सगळं बंद पडतं, आई!"

ताई आणि मी पोट धरून हसलो. हसून मान वर केली, तर वैशाली मोकळ्या हाताने डोळे पुसत होती. अंगठा तसाच बोर्डावर.

*

पुढच्या शुक्रवारी तो कच्चा टाका सापडला आणि कॉम्प्युटर सुरू झाला. निळ्या स्क्रीनवर एकच शब्द, 'रेडी'. आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. आता काय टाइप करायचं? रेडी कुणीच नव्हतं!

मग आणखी दोन किट मागवली, प्रत्येकीला एक. तिसरं पूर्ण झालं त्याच महिन्यात ताईंच्या मिस्टरांचा काँट्रॅक्ट संपला. खलास. ताईंनी आपला कॉम्प्युटर साड्यांच्या घडीत गुंडाळला आणि साताऱ्याला गेल्या.

*

त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी, शुक्रवारीच, सकाळी ताईंचा व्हिडिओ कॉल आला. वैशाली माझ्याकडेच होती.

"अगं, माझा चालत नाहीये. स्क्रीन काळाच."

"टीव्हीचा इनपुट बदललात?" मी विचारलं.

"बदलला."

"केबल घट्ट आहे?"

"आहे गं. सगळं बघितलं."

"फोन जरा टेबलावर फिरवा," वैशाली म्हणाली.

ताईंनी फोन फिरवला. बोर्ड दिसला, कीबोर्ड दिसला. शेजारी पॉवरचा अडॅप्टर होता, कशालाच न जोडलेला. त्याच्या वायरची नीट गुंडाळी करून वर रबरबँड लावलेला.

वैशालीने ते बघितलं. मीही बघितलं.

"दिसलं का काही?" ताईंनी विचारलं.

वैशालीने खुर्ची पुढे ओढली आणि बसली.

"नाही हो ताई. अवघड फॉल्ट दिसतोय. वेळ लागेल. तुम्ही चहा घेऊन या, मग एकेक पार्ट बघत जाऊ."