गौरींच्या आधीच्या गोळ्या

आज औषधांच्या दुकानात एका मुलीने हळू आवाजात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मागितल्या, आणि मला लग्नानंतरच्या पहिल्या गौरी आठवल्या. तेव्हा सासूबाईंनीच तशा गोळ्या आणून दिल्या होत्या. पूजा, पुरणपोळ्या, हळदीकुंकू सगळं छान पार पडलं. गोळ्या थांबवल्यावर मात्र पाळी अशी आली, की मला अंथरुणातून उठवेना. शरीर थोपवलं तरी विसरत नाही. सासूबाई माझं पोट शेकत राहिल्या.

पुढच्या वर्षी पाळी नेमकी गौरींतच आली. मी घाबरत सासूबाईंना विचारलं, "गोळ्या आणायला हव्या होत्या का?"

"नको गं. त्याही बायकाच आहेत, त्यांना कळतं."

त्या वर्षी गौरींना साडी मी नेसवली. मी निऱ्या घालत होते आणि सासूबाई पदर धरून उभ्या होत्या.