लाभार्थीची अनिच्छा

आकड्यावर पेनचं टोपण टेकवायचं आणि मान वर न करता विचारायचं, "काहून?" ही आमच्या डॉक्टर मॅडमची रीत. हिंगोलीपासून बरंच आत असलेल्या त्या आरोग्य केंद्रात मी संगणकावर माहिती भरायचो.

महिन्याच्या बैठकीत आकडे ऐकून, चहा पिऊन उठणारे अधिकारी तुम्हीही पाहिले असतील. मॅडम उठायच्या नाहीत. पाळणा लांबवायचं, दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन एका तांड्यावरच्या बायका एकदाच घेऊन सोडून देत होत्या. नर्सबाई म्हणाल्या, "अडाणी आहेत, मॅडम."

"अडाणी, तर पहिलं काहून घेतलं?"

मॅडम स्वतः तांड्यावर गेल्या. इंजेक्शननंतर पाळी थांबली म्हणून बायका घाबरल्या होत्या. असं होऊ शकतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मॅडमनी बाजेवर बसून समजावलं. पुढच्या खेपेला बायका टेम्पो भरून आल्या. त्या दिवशी मॅडमनी आम्हाला भजी खाऊ घातली आणि स्वतःच्या वाट्याच्या मिरच्या माझ्या ताटलीत टाकल्या. "तुमी खा. मला तिखटाची लई तकलीफ."

मग वरून इंजेक्शनंच यायची बंद झाली.

तांड्यावरची चार लेकरांची एक तरुण बाई तरी येतच राहिली. पाळणा लांबवायच्या गोळ्या घरात सापडल्या की नवरा मारायचा, म्हणून तिला सुईच हवी होती. "मॅडम, आजबी न्हाई का? मजुरी बुडवून येऊन राहिले मी." मॅडमनी पत्रं लिहिली, फोन केले. काही आलं नाही.

माहिती भरताना इंजेक्शन बंद झाल्याचं कारण निवडावं लागे. साठा नाही, असा पर्यायच नव्हता. 'लाभार्थीची अनिच्छा' होता. मॅडमनी मला ती जागा कोरी ठेवायला लावली. अहवाल परत आला. वरून फोन आला, "आहे त्यातलंच निवडा."

"इच्छा हाय हो तिची," मॅडम फोनवर ओरडल्या. "दारात उभी हाय ती!"

शेवटी अहवालात 'अनिच्छा'च लिहून गेली.

त्या बाईला पुन्हा दिवस गेले. कुठून तरी गर्भ पाडायच्या गोळ्या आणून तिनं खाल्ल्या. केंद्रात आणली तेव्हा लुगडं रक्तानं भिजलेलं होतं. मॅडम तिच्याबरोबर रुग्णवाहिकेत बसल्या. हिंगोली यायच्या आधीच ती गेली.

मॅडम तांड्यावर भेटायला गेल्या, तेव्हा मी सोबत होतो. सासू एवढंच म्हणाली, "येत व्हती ना ती तुमच्याकडं? मंग?" मॅडम तिच्यासमोर जमिनीवर बसून राहिल्या. धाकटं लेकरू त्यांच्या ओढणीशी खेळत होतं.

पुढच्या बैठकीत त्यांनी सगळे आकडे ऐकले आणि सही केली. थोड्याच दिवसांत नोकरी सोडून गेल्या.

त्यानंतर खोकी भरून इंजेक्शनं आली. मी घाईघाईनं त्यांना फोन लावला. "मॅडम, साठा आला!"

त्यांनी विचारलं, "तांड्यावरच्या येतात का?"

"न्हाई, मॅडम. एकबी न्हाई."

त्यांनी फोन ठेवला. नंतर तो कधी लागला नाही.