देवाची वीज

इथे परदेशात, डेव्हन ॲव्हेन्यूवर, सीमाकाकूंच्या साडीच्या दुकानात फॉल-पिको करायला बसते ती मोराग. स्कॉटलंडच्या एका बेटावरची, वय ब्याऐंशी. तीस वर्षं आमच्या बायकांचे ब्लाउज उसवून-शिवून 'थोडं सैल ठेव' एवढं मराठी शिकलेली, बाकी सगळं बोलणं इंग्रजीत. सगळे तिला मोरागमावशीच म्हणतात.

मी सई. गेलिक भाषांतली किड्यांची नावं कुठून आली, यावर पीएचडी करते. हसा, घरचेही हसतात. मावशीची मातृभाषाच गेलिक आहे कळल्यावर मी रेकॉर्डर घेऊन तिथे तळ ठोकला.

फुलपाखराला ती 'ज्यालन-जे' म्हणायची. म्हणजे देवाची वीज. एकदा तिनं त्यामागची गोष्ट सांगितली. ती दहा वर्षांची असताना धाकटा भाऊ डोनल्ड तापानं गेला. त्या सकाळी खिडकीतून एक फुलपाखरू आत आलं. आई म्हणाली, देवानं उजेड धाडलाय, रडू नका. "म्हणून हे नाव," मावशी म्हणाली. सुई थांबवून म्हणाली, आणि ती सुई कधी थांबवत नाही.

मी गप्प बसावं की नाही? पण नको तिथे अक्कल पाजळली. "नाही हो मावशी, शब्द कितीतरी जुना आहे. जळती काडी अंधारात गरागरा फिरवली की उजेडाची रेघ दिसते ना, तिलाही हेच म्हणतात. तुमच्या भावाचा काही संबंध नाही त्यात."

"अस्सं?" म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

माझं चुकलं नव्हतं. आग लागो त्या बरोबर असण्याला! त्यानंतर तिनं मला एक शब्द सांगितला नाही. मी चकल्या नेल्या, माफी मागितली. चकल्या घेतल्या, माफीकडे बघितलंही नाही.

"सत्तर वर्षं जपलं होतं गं तिनं," सीमाकाकू म्हणाल्या. "तुला नुसती मान डोलवायला काय झालं होतं?"

लाज वाटते.

परवा दुकानाच्या काचेवर आतून फुलपाखरू बसलं. रेकॉर्डर मी मुद्दाम घरी ठेवला होता. स्टूल ओढून तिच्याजवळ बसले. "मावशी, ते बघा. डोनल्डची गोष्ट परत सांगा ना. मी मध्ये बोलणार नाही, शप्पथ."

तिनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. उठली, दार उघडलं, फॉलच्या पट्टीनं त्याला हळूच बाहेर काढलं.

"बटरफ्लाय," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली. "नुसतं बटरफ्लाय आहे ते."