आढं चार बोटं आखूड

आमचे बाबा शिंपी. ओठांत टाचण्या धरूनच बोलतात, त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य इस्त्री केल्यासारखं सपाट बाहेर पडतं. घराच्या कामाला लावलेला सुतारही तसाच, फक्त त्याच्या ओठांत खिळे. त्याला आम्ही खिळेदादा म्हणतो. दोघं घराच्या माळ्याबद्दल बोलायला लागले की आई म्हणायची, "मुके भांडतायत, दार लावा."

खाली आमची एक खोली आणि स्वयंपाकघर. खोलीत मशीन, कापायचं टेबल, आणि उरलेल्या जागेत आम्ही तिघं आणि आजोबा. त्यात आजोबांना झटका आला, अर्धं अंग लुळं पडलं. शुक्रवारी हॉस्पिटलातून सुटणार होते. त्यांचा पलंग खाली लावायचा तर शिवणकाम माळ्यावर न्यायला हवं. माळ्यावर छप्पर चारी बाजूंनी उतरलेलं. मधोमध तेवढं उभं राहायचं, बाकी रांगायचं.

"मागच्या बाजूनं चौपाखीचं दुपाखी करू," खिळेदादा म्हणाला. मागचा उतार काढायचा, ती भिंत त्रिकोणात थेट वर न्यायची आणि आढं, म्हणजे माथ्याचं आडवं लाकूड, वाढवून त्या भिंतीत बसवायचं.

"बघ, मी काही म्हणत नाही," काका म्हणाले. एवढं म्हणून ते सगळं म्हणतात. "माझं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तुझी खोली झाली तर उत्तम. नाहीतर आजाऱ्यांना सांभाळणाऱ्या संस्थेचा फॉर्म आणलाय. एकदा घेतलं की तीन महिने सोडत नाहीत, एवढंच."

आजोबांना एका वेळी एकच शब्द जमतो. हॉस्पिटलात त्यांनी चांगल्या हातानं बाबांची बाही धरली. "घर."

"घरीच, अण्णा. शुक्रवारी."

उतार उतरवला, जुने वासे कापले, जिन्यासाठी खालचं छत फोडलं, भिंत वर गेली. आढ्याचं माप घ्यायला खिळेदादा दुसऱ्या दिवशी येणार होता. बाबांना दम कुठला.

"माप घेणं हाच माझा धंदा. आयुष्यभर काय माशा मारल्या?" म्हणत गळ्यातली टेप काढून त्यांनी अंतर मोजलं, भिंतीत शिरायची चार बोटं मिळवली आणि आकडा वखारीत कळवला.

बुधवारी लाकूड वर चढलं. एक टोक जुन्या आढ्याला भिडलं. दुसरं भिंतीत शिरायच्या ऐवजी भिंतीला नुसतं नाक लावून थांबलं. खिळेदादानं तोंडातले सगळे खिळे काढून खिशात टाकले.

"टेप बघू," तो बाबांना म्हणाला.

त्यानं ती आपल्या लोखंडी टेपशेजारी धरली. साठ इंचांना सव्वा इंच ताणलेली. कापडी टेप, गळ्यात लोंबून, ओढून ओढून वाढलेली. कुणाचा सदरा कधी बिघडला नाही, कारण गिऱ्हाईकही तिनंच मोजलं आणि कापडही. इथे घर बाबांच्या टेपनं मोजलं, लाकूड वखारीच्या.

"चार बोटांचा जोड लाव ना," बाबा म्हणाले. टाचण्या नव्हत्या तरी आवाज सपाटच.

"जोड बाहीला लावतात. ह्याच्यावर अख्खं छप्पर बसणार."

"मग जुनं परत बसव."

"कापलेलं परत बसतं का? तुम्हीच सांगा."

वखारवाल्यानं नव्या लाकडाला आठ दिवस सांगितले. बाबा दोनदा जाऊन हात जोडून आले. आठाचे सात झाले नाहीत. छपरावर टाकलेल्या ताडपत्रीखालून वारा फुटक्या छतातून थेट पलंगाच्या जागेवर यायचा, आणि आजोबांच्या छातीत कफ. वारा लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाबांनी भोकाला गोधड्या ठोकल्या. रात्रीत सुटल्या.

शुक्रवारी वॉर्डातली सिस्टर म्हणाली, "पलंग मला आजच लागणार. इकडे नाहीतर तिकडे, न्या बाबा."

काकांनी फॉर्म उशाशी ठेवला. "मी काही म्हणत नाही." या वेळी खरंच काही म्हणाले नाहीत.

आजोबा बाबांकडे बघत होते. "घर?"

"माझी टेप ताणलेली निघाली, अण्णा," बाबा म्हणाले.

आजोबाही शिंपीच. त्यांनी डोळे मिटले. बाबांनी सही केली.

नवं आढं नवव्या दिवशी भिंतीत बसलं. माळ्यावर आता हात वर करूनही उभं राहता येतं. मशीन वर, पलंग खाली, छत बुजवलेलं, कुठून वारा नाही. बाबा रोज दुपारी चार ते पाच संस्थेत जातात. काल मी सोबत होते. आजोबांनी बाबांची बाही धरून तोच शब्द विचारला.

"अजून बासष्ट दिवस," बाबा म्हणाले.

आजोबांनी बाही सोडली आणि तोंड भिंतीकडे केलं.