मागच्या खोलीतला सेट

दिवसभर बोलणं हाच माझा धंदा. लोणावळ्यात आमचं चिक्कीचं दुकान आहे, सकाळपासून गिऱ्हाइकांशी तोंड चालूच. संध्याकाळी गल्ला नवऱ्याच्या हाती दिला की गच्चीवरच्या खोलीत वायरलेस सेटपुढे बसायचं, म्हणजे पुन्हा बोलायचंच. इतकं बोलते मी — आणि तरी हे एक आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ज्यांना सांगायला हवं होतं, ते आता नाहीत.

त्यांचं नाव ओव्हाळ. आम्ही सगळे रेडिओवाले त्यांना आबा म्हणायचो. सोमाटण्याचे, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. एकदा नातवंडांसाठी चिक्की घ्यायला दुकानात आले आणि वजन होईपर्यंत काउंटरवर बोटानं काहीतरी वाजवत राहिले. काय वाजवताय, असं जरा फटकळपणेच विचारलं, तर हसून म्हणाले, "तुज्या दुकानाचं नाव." ते मोर्स होतं, जुन्या तारेची टकटक लिपी. मला त्या दिवसापासून त्याचं वेडच लागलं. पुढे वर्षभर दुपारची गर्दी ओसरली की आबा यायचे, आणि मी चिक्की कापायच्या सुरीच्या मुठीनं काउंटरवर अक्षरं गिरवायचे. हौशी रेडिओच्या परवान्याची परीक्षा त्यांनीच माझ्याकडून करून घेतली. पहिला सेट जोडून दिला, गच्चीवर तार ताणून दिली. त्या तारेच्या जोरावर अनोळखी माणसाला हाक मारायची आणि कुठल्या कुठून कुणी उत्तर देतं — आम्ही त्याला हवेत जाणं म्हणतो.

आबांना हवा का आवडायची, ते त्यांनी एकदा चहा पिताना सांगितलं होतं. "हवेत कुनी आडनाव इचारत न्हाई, पोरी. कुटल्या आळीतला, त्ये बी न्हाई. हाक मारली की मानूस वो देतो." मी मान डोलावली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. तेव्हा ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही — शिरायची गरज मला कधी पडली नव्हती ना.

आता स्पर्धेबद्दल सांगायला हवं. वर्षातून काही वेळा रेडिओवाल्यांच्या स्पर्धा असतात. ठरलेल्या वेळात ज्याचं जास्तीत जास्त स्टेशनांशी, म्हणजे दुसऱ्या सेटवाल्यांशी, बोलणं होईल तो जिंकला. बोलणं म्हणजे काय, तर फक्त आकड्यांची देवघेव. तुझा आवाज असा येतोय, माझा क्रमांक हा, संपलं, पुढचा. काही सेकंदांचं काम. पण आबांना ते जमायचं नाही — जमायचं नाही म्हणण्यापेक्षा, करायचंच नसायचं. ते समोरच्याचं नाव विचारणार, तिकडे पाऊस कसा आहे विचारणार, केरळातल्या कुणाला फणस लागले का म्हणून विचारणार. तोवर रांगेतली बाकीची स्टेशनं कंटाळून निघून जायची. मी कुरकुरले की म्हणायचे, "जत्रंत मानसं भेटाया जायाचं का मोजाया?"

मला मात्र मोजायची सवय. बाजारात आमच्या दुकानाला लागून चिक्कीचीच दुकानं आहेत, आणि गाडीतून उतरलेलं गिऱ्हाईक डावीकडे वळतं की उजवीकडे, यावर आमचं घर चालतं. शेजाऱ्याकडे गेलेलं प्रत्येक गिऱ्हाईक मला दिसतं. आधीच्या वर्षी आमचा छोटासा क्लब स्पर्धेत थोडक्यात दुसरा आला होता, आणि जिंकलेल्या पुण्याच्या मंडळींनी ग्रुपवर आमची यथेच्छ खेचली होती. सगळे हसले. आबा तर सगळ्यांत जास्त हसले. मला ते वर्षभर डाचत राहिलं. असं का व्हावं? खेळच होता ना तो? मला माहीत नाही. डाचलं, एवढं खरं.

पुढच्या वर्षी मी क्लबची कॅप्टन होते. भाजे गावाच्या वरच्या अंगाला, पर्यटकांना भाड्यानं देतात तसला एक बंगला आम्ही घेतला. हॉलमध्ये मुख्य सेट, छपरावर अँटेना. तळेगावच्या कारखान्यातला आमचा नितीन तर यंत्रासारखा बोलत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाइलवर चालू गुण पाहिले, तर आम्ही आणि पुणेकर अगदी खांद्याला खांदा लावून होतो. आणि जेवणानंतरची पाळी आबांची होती.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आबांना कोण सांगणार? आम्ही सगळे त्यांच्याच हाताखाली शिकलेले. मी सांगायला हवं होतं. "आबा, आज एवढी पाळी सोडा," — एवढंच. ते रागावले असते का? मुळीच नाही. म्हणाले असते, बरं बाई, मी चहा टाकतो. मग मी का नाही बोलले? कारण तसं बोलले असते तर जिंकण्यासाठी म्हाताऱ्याला उठवणारी बाई मी ठरले असते, आणि मला जिंकायचंही होतं आणि चांगलंही दिसायचं होतं.

थांबा, आधी डब्याबद्दल सांगते.

आबांनी क्लबसाठी एक डबा बनवला होता. शेंगदाणा तेलाचा जुना डबा, आत तेल आणि तेलात बुडवलेला एक रोधक. सेट तपासायचा असला की अँटेनाऐवजी वायर या डब्याला जोडायची. मग तुम्ही कितीही बोला, आवाज बाहेर कुठेच जात नाही. सगळी ताकद तेलात जिरते आणि डबा तापतो. आपल्या चाचणीची खरखर दुसऱ्यांच्या बोलण्यात जाऊ नये, म्हणून त्यांनी तो केला होता. दुसऱ्याला त्रास नको, एवढाच त्यामागचा विचार.

मागच्या खोलीत एक जादा सेट पडून होता. मी तो टेबलावर मांडला. त्याची वायर खिडकीतून बाहेर काढली, बाहेर ओट्यावर ठेवलेल्या त्या डब्याला जोडली आणि डब्यावर गोणपाट टाकलं. मग हॉलमध्ये येऊन म्हणाले, "आबा, इथं गोंगाट आहे. तुमच्यासाठी मागं वेगळा सेट लावलाय, निवांत बोला."

ते किती खूश झाले! नितीनला टाळी देऊन आत गेले.

झालं, सांगून टाकलं. पण सगळं नाही.

आबा अडाणी नव्हते. हेडफोनमध्ये नेहमीची खरखर नाही, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. आतून विचारलं, "आन्टेना बरूबर लागलाय न्हवं?" मी म्हणाले, हो आबा, आत्ताच पाहिला, डोंगराच्या आडोशानं आवाज कमी असेल, या बँडवर आज वर्दळही कमी आहे, हाक मारत राहा. मीटरवर तर सगळं ठीकच दिसत होतं, डब्याला जोडलेल्या सेटचा मीटर नेहमीच ठीक दिसतो. उठून खिडकीबाहेर डोकावले असते तर त्यांना सगळं कळलं असतं. ते उठले नाहीत, कारण अँटेना पाहिला असं मी सांगितलं होतं.

आणि मग ते तासभर हाक मारत राहिले. कुणी आहे का, कुणी आहे का, आमचं स्टेशन ऐकतंय. मधे थांबायचे, कान द्यायचे, पुन्हा सुरू. भिंतीच्या अलीकडे नितीनला एकामागून एक उत्तरं येत होती, आणि ती त्यांना ऐकू जात होती. हळूहळू त्यांच्या हाकांमधलं अंतर वाढत गेलं. मग दार उघडून ते बाहेर आले, माझ्याकडे पाहून कसनुसे हसले आणि चहा टाकायला गेले. संध्याकाळी आवराआवर करताना मी डबा उचलला, तर तो अजून कोमट होता.

आम्ही जिंकलो. प्रमाणपत्र दुकानात गल्ल्याच्या वर लावलेलं आहे, आणि त्यावर सगळ्यांबरोबर आबांचंही नाव आहे.

पुढच्या महिन्यात ते स्वतःचा सेट पिशवीत घालून दुकानात आले. त्या दिवसापासून घरी सेट लावलाच नाही, तळेगावला कान तपासून घेतले म्हणाले. "कान बरं हायेत म्हनं. मंग लोकच वो देईनात, दुसरं काय." मग सेट काउंटरवर ठेवला. "तूच वापर. माजी हाक आता कुनाला पोचत न्हाई." गिऱ्हाईक नव्हतं. नवरा गोदामात होता. एक वाक्य बोलले असते तर तो माणूस सेट घेऊन घरी गेला असता. मी काय केलं? सेट घेतला, आणि त्यांच्या नातवंडांसाठी चिक्की बांधून दिली.

अजून आहे. साताऱ्याचे एक काका रोज सकाळी आबांशी हवेत गप्पा मारायचे. कितीतरी वर्षांचा नेम होता त्यांचा. आबा दिसेनासे झाले तेव्हा त्यांनी मला हवेतच विचारलं, ओव्हाळ कुठे असतात? आबांच्याच सेटवरून मी उत्तर दिलं, "त्यांना आता ऐकू येत नाही." ते हळहळले. ही बातमी सगळीकडे गेली, आणि आबांना कुणी शोधेनासं झालं.

त्यानंतर आबा काही वर्षं होते. दिवाळीला मी फराळ घेऊन जायचे. काय चाललंय हवेत, असं ते विचारायचे आणि मी सांगायचे. दर वेळी वाटायचं, आता बोलावं. दर वेळी निघायची वेळ व्हायची.

गेल्या वर्षी ते गेले. पुण्यानुमोदनाला मी सोमाटण्याला गेले होते. ते साताऱ्याचे काकाही एवढ्या लांबून आले होते. आबांच्या सुनेला, शोभाला, ते म्हणाले, ऐकू येत नाही म्हटल्यावर आम्ही हाक मारणं सोडलं हो. शोभा चकित झाली. "ऐकू येत न्हवतं? कुनी सांगितलं? शेवटपत्तोर पलीकडच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या मोजायचे आबा. रोज सकाळी सेटच्या रिकाम्या टेबलापाशी बसून ऱ्हायचे नुसते." काकांनी माझ्याकडे बोट केलं. त्यात काही वाईट नव्हतं, आठवलं म्हणून केलं. या ताईंनीच तर सांगितलं होतं.

मी म्हणाले, "वयोमानानं कधी कमी-जास्त होतं." आबांच्या फोटोसमोर उभं राहून म्हणाले. शोभा माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिनं मला चहा आणून दिला. मी तो प्यायले.

आडनाव न विचारणाऱ्या हवेवर ज्यांचा एवढा जीव होता, त्यांना मी वेगळ्या खोलीत, वेगळ्या सेटवर बसवलं, जिथं कुणीच ओ देणार नव्हतं. आडनाव माझ्या मनात नव्हतं, हे खरं आहे. पण कान बरे आहेत असं कळल्यावर त्यांच्या मनात काय आलं असेल? ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

आणि त्या दिवशी त्यांची हाक कुणालाच पोचली नाही, हेही खरं नाही. मला पोचत होती. भिंतीच्या अलीकडे बसून मी तासभर ती ऐकत होते, आणि मी ओ दिली नाही.